रिसीव्हरला सबवूफर जोडताना: पाच मिनिटांची वायर आणि पुढची संध्याकाळ

सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचा आवाज काढणारी स्पीकरची पेटी, घरी आणून जोडल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवले आणि अगदी काळजीच्या सुरात विचारले, "अहो, तुमच्याकडे रात्री दळण चालतं का?" नाशिकमधील इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधील दिवाणखान्यात मी वायर अगदी बरोबर जोडली होती. आवाज येत होता, भांडी थरथरत होती, त्यामुळे काम फत्ते झाले अशी माझी समजूत होती. काकूंच्या प्रश्नानंतर मी शांतपणे ऐकायला बसलो, तेव्हा लक्षात आले की चित्रपटातील स्फोट, गाण्यातील बेस गिटार आणि गणपतीच्या मिरवणुकीचे रेकॉर्डिंग हे सारे एकाच सुरात घुमत होते. नाशिक ढोलाच्या एका पानावर हाताची थाप पडते आणि दुसऱ्या पानावर टिपरूचा घाव बसतो, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला तो फरक कळायला हवा होता. माझ्या सबवूफरमधून मात्र फक्त 'घूं' ऐकू येत होते.

पुढच्या दोन-तीन रविवारी जे शिकलो त्याचे सार असे, की जोडणीतील जवळपास प्रत्येक बिघाड एकाच कारणाने होतो: एकच काम रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारे यंत्र) आणि सबवूफर या दोघांच्याही गळ्यात टाकलेले असते. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ती सीमा, दोन्हीकडे असतो, आवाजाची पातळी दोन्हीकडे असते, विलंबाची दुरुस्तीही दोन्हीकडे करता येते. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर हे काम नक्की कोण करणार, हा प्रश्न मी आधी विचारतो.

पेटी कोणती आहे, ते आधी पाहावे

सबवूफर दोन प्रकारचे असतात. ज्याच्या मागे विजेची वायर, आवाजाचे गोल बटण आणि आरसीए (मध्ये एकच पिन असलेल्या वायरीचे गोल) सॉकेट असतात तो अॅक्टिव्ह, म्हणजे स्वतःचा अॅम्प्लिफायर पोटात असलेला सबवूफर होय. ज्याच्या मागे स्पीकरची वायर अडकवायच्या केवळ दोन क्लिपा असतात तो पॅसिव्ह. रिसीव्हरच्या मागील 'सबवूफर प्री-आउट' या सॉकेटातून अत्यंत क्षीण सिग्नल बाहेर पडतो. तो अॅम्प्लिफायरला दिशा दाखवण्यापुरता असतो आणि त्याने स्पीकरचा हलणारा शंकू प्रत्यक्ष हलत नाही. त्यामुळे पॅसिव्ह सबवूफर थेट या सॉकेटला जोडला, तर काहीही ऐकू येणार नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण म्हणजे, अनेक घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेले, डीव्हीडी प्लेअरसह एकाच खोक्यात येणारे होम थिएटर अजून माळ्यावर पडलेले असते आणि नवा रिसीव्हर घेतल्यावर त्यातला सबवूफर वापरण्याचा मोह होतो. तो बहुधा पॅसिव्ह असतो, त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) तीन-चार ओहम असा कमी असतो, आणि त्याला चालवायचे तर मध्ये वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. टीव्हीखाली ठेवायच्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मल्टिमीडिया संचातील सबवूफरची अडचण उलटी असते: त्याच्या पोटात सगळ्याच स्पीकरांचा अॅम्प्लिफायर असतो आणि तो स्वतःच खर्ज वेगळा करणारी गाळणी लावून बसलेला असतो. दोन्ही बाबतीत खटपट करण्यापेक्षा साधा, आठ किंवा दहा इंची अॅक्टिव्ह सबवूफर घेणे शहाणपणाचे ठरते.

परदेशातून कोणी नातेवाइकाने आणलेला सबवूफर असेल, तर प्लग लावण्यापूर्वी मागील पट्टीवर व्होल्टेज निवडण्याचा ११५/२३० असा खटका आहे का, ते पाहावे. तो ११५ वर राहिला आणि आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात प्लग गेला, तर फ्यूज उडून प्रकरण मिटले तरी नशीब समजावे. खटका नसेल आणि पट्टीवर केवळ ११० किंवा १२० व्होल्ट असे लिहिले असेल, तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय तो लावू नये.

वायर

रिसीव्हर आणि सबवूफर, दोन्हींचे प्लग बोर्डातून काढून ठेवावेत. आरसीए प्लग अर्धवट आत असताना यंत्र चालू असेल, तर जी घरघर उठते ती सबवूफर पूर्ण ताकदीने ऐकवतो, आणि त्यात शंकूला इजा होऊ शकते.

लागते ती एकच आरसीए वायर. बाजारात 'सबवूफर केबल' या नावाने महागड्या वायरी मिळतात. त्या वाईट नसतात, पण त्यांच्यात काही जादूही नसते. आवश्यक असते ते चांगले शील्डिंग, म्हणजे बाहेरची घरघर अडवणारे धातूचे आवरण. डिश किंवा केबल टीव्हीसाठी वापरतात त्या आरजी-६ कोअॅक्शियल वायरला दोन्ही टोकांना आरसीए कनेक्टर बसवून घेतले, तरी काम उत्तम होते, आणि एमजी रोडवरील एखादा जुना इलेक्ट्रॉनिक्स दुकानदार समोर उभे राहून हवी तेवढी लांबी बनवून देतो. लांबी मोजताना सबवूफरच्या नियोजित जागेपर्यंतचे अंतर धरू नये, तर वायर आपल्या सोफ्यापर्यंत पोचेल इतकी घ्यावी. त्याचे कारण जागेच्या भागात येईल. सहा-आठ मीटर लांबीने आवाजात काहीही फरक पडत नाही.

एक टोक रिसीव्हरच्या 'सबवूफर प्री-आउट' किंवा 'एसडब्ल्यू आउट' असे लिहिलेल्या सॉकेटात जाते. दुसरे टोक सबवूफरवरील 'एलएफई इन' (एलएफई म्हणजे चित्रपटातील खर्जाचा वेगळा मार्ग) असे लिहिलेल्या सॉकेटात जाते. ते नसेल आणि केवळ डावे-उजवे असे दोन 'लाइन इन' सॉकेट असतील, तर डावीकडचे वापरावे, कारण बहुतेक पट्ट्यांवर त्याच्याजवळ 'मोनो' असेही लिहिलेले असते. एका वायरीचे दोन फाटे करणारा वाय-अडॅप्टर लावून दोन्ही सॉकेट भरण्याची पद्धत आहे. त्याने पातळी थोडी वाढते, एरवी काही साधत नाही. रिसीव्हरला दोन सबवूफर-आउट असतील, तर स्वस्त मॉडेलांमध्ये दोन्हींतून एकच सिग्नल बाहेर येतो, त्यामुळे कोणते वापरले याने फरक पडत नाही.

वायर नेताना ती विजेच्या वायरीला समांतर, एकाच केसिंग पट्टीतून नेऊ नये. दोन्ही एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. पाहुण्यांसमोर वायर लपावी म्हणून तिला गालिच्याखाली घालण्याचा मोह आवरावा, कारण येता-जाता पाय पडून शील्ड आतल्या आत तुटते आणि मग महिनाभराने घरघर का सुरू झाली, याचा शोध लागत नाही.

ज्यांच्याकडे जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर आहे आणि त्याला सबवूफर-आउटच नाही, त्यांनी सबवूफरच्या 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' क्लिपा वापराव्यात. अॅम्प्लिफायरच्या स्पीकर क्लिपांतून डावी-उजवी वायर सबवूफरकडे आणावी, धन-ऋण खुणा जुळवाव्यात आणि अॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत ब्रिज्ड किंवा क्लास-डी आउटपुटबद्दल इशारा असेल तर आधी विचारून घ्यावे. या एका रचनेत क्रॉसओव्हरचे काम सबवूफरलाच करावे लागते. पुढे जे लिहिले आहे ते होम थिएटर रिसीव्हरबद्दल आहे.

मागची बटणे

प्लग लावण्यापूर्वी सबवूफरच्या मागील चार गोष्टी जागेवर आणाव्यात. गेन किंवा व्हॉल्यूमचे बटण मधोमध, म्हणजे घड्याळातील बाराच्या जागी ठेवावे. फेजचा खटका शून्यावर ठेवावा. चालू-बंदचा खटका 'ऑटो'ऐवजी तूर्त 'ऑन'वर ठेवावा, नाहीतर मापन चालू असतानाच सबवूफर झोपी जातो.

चौथी गोष्ट क्रॉसओव्हरची, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. या बटणावर ४० ते १५० किंवा १६० हर्ट्झ असे आकडे असतात. ते रिसीव्हरशी जोडताना शेवटच्या, सर्वांत मोठ्या आकड्यावर न्यावे. 'एलएफई' किंवा 'बायपास' अशी जागा असेल तर तीच निवडावी. माझ्या सबवूफरवर ते ६० वर होते, कारण दुकानात "साठवर ठेवा, बेस घट्ट येतो" असा सल्ला मिळाला होता, आणि रिसीव्हरने स्पीकरसाठी ८० ठरवले होते. म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज रिसीव्हर छोट्या स्पीकरांकडून काढून सबवूफरकडे पाठवत होता आणि ६० हर्ट्झच्या वरचा आवाज सबवूफर नाकारत होता. मधल्या ६० ते ८० हर्ट्झच्या सुरांची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होऊन ते उपाशी राहत होते. ढोलाच्या थापेतला भरीव भाग याच्याच आसपास असतो. त्यामुळे माझ्या मिरवणुकीत ढोल कमी आणि घुमारा जास्त होता.

जागा

आता मुख्य गोष्ट. वायर, बटणे आणि मेनू यांतून जितका फरक पडतो, त्याहून जास्त फरक सबवूफर खोलीत कोठे ठेवला आहे यावरून पडतो, आणि हा फरक पैसे देऊन विकत घेता येत नाही.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जातो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर होते आणि २० हर्ट्झची १७ मीटर. आपली खोली यांतल्या बहुतेक लहरींपेक्षा लहान असते, म्हणून त्या समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःवरच आदळतात. ज्या सुराची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी भरते, तो सूर खोलीत काही ठिकाणी फुगतो आणि काही ठिकाणी जवळपास नाहीसा होतो. हिशेब सोपा आहे: ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागावे. माझा दिवाणखाना १५ फूट लांब, म्हणजे ४.५७ मीटर, त्यामुळे पहिला सूर सुमारे ३७ हर्ट्झचा. रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर, त्यामुळे दुसरा सुमारे ५६ हर्ट्झचा. आणि छताची उंचीही जवळजवळ १० फूटच, म्हणजे तिसराही ५६ चाच. रुंदी आणि उंची यांनी मिळून एकच सूर दुप्पट फुगवला होता. काकूंना ऐकू येणारी गिरणी ती हीच.

आपल्याकडच्या घरांत ही अडचण अधिक जाणवते. विटांच्या भिंती, सिमेंटचा स्लॅब आणि फरशी यांतून खर्जाचा आवाज सहज बाहेर झिरपत नाही, तो आतच फिरत राहतो. रविवार कारंजा किंवा पंचवटीच्या बाजूला ज्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी अजून शिल्लक आहे, तेथे तो थोडा जिरतो, पण जमीनही त्याच्याबरोबर हलते. जाड पडद्यांनी प्रतिध्वनी कमी होतो, हे खरे असले तरी ५० हर्ट्झच्या लहरीला पडदा दिसतही नाही.

म्हणून जागा शोधण्याची एक जुनी आणि हमखास रीत आहे, ती थोडी हास्यास्पद दिसते एवढेच. आपण जेथे बसून चित्रपट पाहतो, त्या सोफ्यावरील नेमक्या जागी सबवूफर ठेवावा. वायर सोफ्यापर्यंत पोचेल इतकी घ्या, असे वर सांगितले ते यासाठी. मग रिसीव्हरला जोडलेल्या मोबाइलवरील सूर निर्माण करणाऱ्या एखाद्या अॅपमधून ३० ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर, किंवा बेस गिटार चढत-उतरत वाजणारे एखादे गाणे पुन्हा पुन्हा लावावे. त्यानंतर जेथे जेथे सबवूफर ठेवणे शक्य आहे तेथे तेथे, म्हणजे टीव्ही युनिटच्या शेजारी, कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीच्या मधोमध, आपले कान सबवूफरच्या उंचीला आणून, रांगत जाऊन ऐकावे. ज्या ठिकाणी प्रत्येक सूर सारख्या ताकदीने ऐकू येतो, एकही सूर अंगावर येत नाही आणि एकही गायब होत नाही, ती सबवूफरची जागा. आवाज जाण्या-येण्याच्या मार्गाला दिशा नसते, त्यामुळे सोफ्यावरून तेथे जसा पोचतो तसाच तेथून सोफ्यावर पोचतो. हा प्रयोग घरात लहान मूल असताना केल्यास तेही मागोमाग रांगू लागते, तेव्हा वेळ बघून करावा.

कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जोरात वाजतो, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून त्याचा आवाज समोर ढकलतात. आठ इंची, कमी ताकदीच्या सबवूफरसाठी ही मदत मोलाची असते. परंतु कोपरा खोलीतले सगळेच फुगणारे सूर एकदम जागे करतो. माझ्या बाबतीत समोरच्या भिंतीलगत, कोपऱ्यापासून साधारण साडेतीन फूट अलीकडे आणल्यावर ५६ हर्ट्झचा घुमारा निम्म्यावर आला. एकेक फुटाने सरकवून पाहण्याचा कंटाळा करू नये.

सोफ्याबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकवूनच ठेवतात, आणि तेथे लांबीचा सूर सर्वांत जास्त फुगतो. उलट खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर तोच सूर नाहीसा होतो. शक्य असेल तर सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावा. शक्य नसेल, आणि दहा फुटी खोलीत बहुधा नसतेच, तर वाईट वाटून न घेता पुढे जावे.

रिसीव्हरचा मेनू

जागा ठरल्यावर वायर नीट लावून दोन्ही यंत्रे चालू करावीत, आधी रिसीव्हर आणि मग सबवूफर. स्पीकर सेटअपच्या मेनूमध्ये सबवूफर 'यस' किंवा '१' असा निवडावा. आता आधी आपोआप होणारे मापन करून घ्यावे. डेनॉन आणि मरांट्झमध्ये त्याचे नाव ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, पायोनिअरमध्ये एमसीएसीसी असे असते, तत्त्व एकच. रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक बसल्यावर कान जेथे येतात त्या उंचीवर, शक्यतो कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावावा. सोफ्याच्या पाठीवर तो टेकवू नये. पंखा, एसी, फ्रिज बंद करावेत, आणि स्वयंपाकघरात कुकर लागलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण एका शिटीने सगळे मापन पुन्हा करावे लागते. जितक्या जागांवर मोजायची सोय असेल तितक्या सगळ्या जागा वापराव्यात, मात्र त्या मुख्य बैठकीच्या दोन-तीन फुटांच्या परिघात ठेवाव्यात.

मापन संपल्यावर निकाल डोळे झाकून मान्य करू नये. चार गोष्टी स्वतः तपासाव्यात.

पहिली, स्पीकरचा आकार. रिसीव्हर अनेकदा पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवतो. सबवूफर असताना ते 'स्मॉल' करावेत. या शब्दाचा स्पीकरच्या मापाशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे ठरावीक सुराच्या खालचे काम सबवूफरकडे सोपवले, एवढाच त्याचा अर्थ. "चित्रपटात बेस येतो, पण गाण्यांत सबवूफर गप्प असतो" ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार याच एका शब्दामुळे उद्भवते. ५.१ ध्वनिपथात '.१' हा एलएफई नावाचा स्वतंत्र मार्ग असतो आणि तो नेहमीच सबवूफरकडे जातो. साध्या स्टिरिओ गाण्यात तो मार्गच नसतो, त्यामुळे स्पीकर 'लार्ज' असतील तर सबवूफरला काही कामच उरत नाही. हीच अवस्था 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' मोडमध्ये होते, कारण तेथे बहुतेक रिसीव्हर बेसची वाटणी बंद करतात.

दुसरी, क्रॉसओव्हर. ८० हर्ट्झ हा आकडा चित्रपटाच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केला, आणि बहुतेक घरांत तो योग्य ठरतो. पाच-सहा इंची वूफर असलेल्या बुकशेल्फ स्पीकरना ८०, हाताच्या पंजाएवढ्या सॅटेलाइट स्पीकरना १०० ते १५०, उंच टॉवरना ६० ते ८०. मापनाने सुचवलेला आकडा वाढवायला हरकत नाही, पण कमी करू नये, कारण त्याच्या खाली स्पीकर नीट वाजत नाही असे यंत्राने मोजूनच सांगितलेले असते, आणि तेथे दुरुस्तीही लावलेली नसते. १२० च्या वर गेल्यास सबवूफर कोठे ठेवला आहे ते कानाला कळू लागते, आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो.

तिसरी, 'एलपीएफ फॉर एलएफई' नावाची नोंद. ती १२० हर्ट्झवर ठेवावी, कारण एलएफई मार्गात आवाज तेथपर्यंत भरलेला असतो. ही नोंद आणि स्पीकरचा क्रॉसओव्हर या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचा आकडा जुळवण्याची गरज नाही. तिच्याच शेजारी 'एलएफई + मेन' किंवा 'एक्स्ट्रा बेस' असा पर्याय असतो. त्यामुळे तोच बेस पुढच्या स्पीकरकडेही आणि सबवूफरकडेही जातो, म्हणजे पुन्हा एका कामाला दोन धनी. तो पर्याय नाकारून केवळ 'एलएफई' निवडावे.

चौथी, पातळी आणि अंतर. सबवूफरची पातळी उणे ५ ते अधिक ५ डेसिबेलच्या मध्ये आली तर उत्तम. ती उणे १२ वर जाऊन थांबली असेल, तर सबवूफरचे गेन फार मोठे आहे आणि रिसीव्हरने शक्य तेवढे दाबून हात टेकले आहेत असा अर्थ होतो. गेन कमी करून मापन पुन्हा करावे. यात एक व्यावहारिक फायदाही आहे. सिग्नल फार दाबलेला असला की रात्री हळू आवाजात चित्रपट पाहताना 'ऑटो'वर ठेवलेला सबवूफर मध्येच झोपी जातो, कारण त्याला जागे ठेवण्याइतका सिग्नलच पोचत नाही. मागचे गेन थोडे उतरवून मेनूतील पातळी तितकीच वाढवली, की ही तक्रार बहुधा संपते.

अंतराचा आकडा पाहून मात्र अनेकजण गोंधळतात. सबवूफर प्रत्यक्षात नऊ फुटांवर आणि मेनूत चौदा. ही चूक नव्हे. सबवूफरच्या आतल्या गाळण्यांमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या भाषेत लिहितो. टेप घेऊन तो आकडा 'दुरुस्त' करू नये.

फेज राहिला. क्रॉसओव्हरच्या आसपास सबवूफर आणि पुढचे स्पीकर एकाच वेळी वाजतात. एकाचा शंकू पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर ते एकमेकांना खोडतात. आपण बैठकीवर बसावे, ८० हर्ट्झचा सूर पुढच्या स्पीकरांसह लावावा आणि घरातील कोणाला तरी मागचा खटका ० वरून १८० वर व परत असा चार-पाच वेळा फिरवायला सांगावे. ज्या जागी आवाज जास्त भरीव वाटेल ती जागा बरोबर. फरकच जाणवला नाही, तर शून्यावर ठेवून विषय सोडून द्यावा.

घरघर

सगळे झाल्यावर शांत खोलीत सबवूफरमधून बारीक, अखंड गुणगुण ऐकू येत असेल, तर ती आपल्या विजेचीच आहे. वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची. प्रथम आरसीए वायर सबवूफरच्या बाजूने काढावी. गुणगुण तरीही राहिली तर दोष सबवूफरच्या अॅम्प्लिफायरमध्ये आहे. ती थांबली, तर वायर परत लावून सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी डिश किंवा केबलची कोअॅक्शियल वायर काढून पाहावी. बऱ्याच घरांत गुणगुण येथेच थांबते, कारण गच्चीवरून येणारी ती वायर वेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेली असते आणि दोन अर्थिंगच्या मध्ये प्रवाहाचे वर्तुळ तयार होते. अशा वेळी त्या वायरीवर ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. तेथे फरक पडला नाही, तर रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डातील, एकाच एक्स्टेंशनवर लावून पाहावेत.

प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून गुणगुण थांबवण्याचा उपाय कोणी सांगितला, तर तो ऐकू नये. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती घालवायला तेवढी एकच वाट असते. जुन्या इमारतींत बोर्डाला तिसरे भोक असते पण मागे वायरच नसते, म्हणून शंका आली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का ते तपासून, न्यूट्रल आणि अर्थिंगमधील व्होल्टेजही मोजून घ्यावे. ते शून्याच्या जवळ, फार तर दोन-तीन व्होल्ट असावे. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर असताना गुणगुण वाढत असेल आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल, तर दोष जोडणीत नाही. त्या वेळेपुरता सबवूफर बंद ठेवावा. जूनच्या सुरुवातीच्या वळवाच्या गडगडाटात मी दोन्ही प्लग आणि डिशची वायर काढूनच ठेवतो.

खालच्या मजल्यासाठी

मोबाइलवरील आवाज मोजणारे अॅप बहुधा डीबीए या एककात दाखवते, आणि हे एकक खर्जाच्या बाबतीत फार उदार आहे. मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी ५० हर्ट्झचा आवाज त्यात सुमारे ३० डेसिबेलने कमी मोजला जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डीबीए ही मर्यादा आहे. आकडा मर्यादेत दिसत असतानाही खालच्या घरात कपाटाचे दार थरथरत असू शकते. अॅपमध्ये 'सी' वेटिंगचा, म्हणजे खर्ज फारसा न वगळणाऱ्या मोजणीचा, पर्याय असेल तर तो निवडून मोजावे, किंवा सरळ खाली जाऊन पाच मिनिटे बसावे. मी तेच केले.

सबवूफरच्या पायांखाली वॉशिंग मशीनला लावतात ते जाड रबरी पॅड ठेवले, की फरशीतून खाली जाणारा कंप कमी होतो. हवेतून जाणारा आवाज त्याने अडत नाही. रात्री रिसीव्हरमधील डायनॅमिक रेंज कमी करणारा 'नाइट' पर्याय लावावा, म्हणजे संवाद ऐकू येतात आणि स्फोट आटोक्यात राहतात. आपल्या घरातील थरथरही एकदा शोधून ठेवावी: सुराचे अॅप लावून ३० ते ८० हर्ट्झ फिरवत असताना खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या झडपा, शोकेसमधल्या काचा आणि माळ्यावरची पितळी पातेली यांपैकी कोण बोलते ते ऐकावे आणि तेथे फेल्टचा तुकडा लावावा. कित्येकदा सबवूफर फाटल्याची शंका येते, प्रत्यक्षात वाजत असते ते एखादे झाकण.

सारे जमल्यावर गेनचे बटण, फेज, क्रॉसओव्हर, पातळी आणि अंतर हे पाचही आकडे कागदावर लिहून तो कागद सबवूफरच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवावा, आणि गेनच्या जागेवर बटणाशेजारी पेनाने बारीक खूण करावी. दिवाळीच्या साफसफाईत फडके फिरते तेव्हा ही बटणे फिरतात. आमच्याकडे गेल्या वर्षी क्रॉसओव्हर पुन्हा ६० वर गेला होता, आणि ढोल पुन्हा हरवल्यावर मी सर्वांत आधी तो कागद पाहिला.